रोलर घेण्याआधी केस बघ, हवा बघ

अगो, खोक्यावरचा फोटो बघून सेट मागवू नकोस. त्या फोटोतल्या मुलीचे केस तुझे नाहीत, आणि ती ज्या हवेत उभी आहे ती रत्नागिरीची नाही. हीटेड रोलर घ्यायचे तर आधी या दोनच गोष्टी नीट बघायच्या. कंपनी, रंग, डब्यात नग किती, हे सगळं नंतर. तू मनापासून विचारलंस म्हणून मीही सगळं सांगते. जरा वेळ काढून वाच.

हवेपासून सुरू करू. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि पाऊस नसतो तेव्हाही समुद्राची ओल असतेच. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्या एकमेकींना वेगवेगळ्या तऱ्हेच्या बंधांनी धरून ठेवतात. गंधकाचे बंध पक्के असतात. पर्मिंगच्या किंवा रिबाँडिंगच्या रसायनाशिवाय ते सहसा तुटत नाहीत. हायड्रोजनचे बंध मात्र नाजूक. ते पाण्याने सुटतात, उष्णतेनेही सुटतात, आणि केस वाळला किंवा निवला की त्या वेळी तो ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केस नागमोडी होतात, ते यामुळेच. रोलरचं सारं काम या नाजूक बंधांवर चालतं. म्हणून बटा एका न्हाण्यात जातात, आणि दमट हवेत त्याआधीही जातात. हवेतली ओल केसात शिरते, जुळलेले बंध पुन्हा सुटतात आणि बट खाली येते. पावसाळ्यात डब्याबाहेर राहिलेल्या पापडासारखे केस सादळतात. संध्याकाळी केस पडले म्हणून आपला हात वाईट असं कितीतरी मुली समजतात. हात वाईट नसतो गं.

आता यातली खरी मेख ऐक. उष्णता फक्त बंध सोडवते. बट धरते ती निवताना. आपल्या हवेला रोलर मानवतात ते यासाठी. चिमट्याने किंवा गोल रॉडने केस वळवलास तर ती गरम बट हातातून सुटते आणि लोंबत लोंबत निवते, म्हणजे निम्मा आकार तिथेच गेला. रोलरवर केस गुंडाळलेला असतानाच निवतो. शिवाय स्ट्रेटनर १८० ते २३० अंशांपर्यंत जातात. रोलर त्याहून बरेच कमी तापतात आणि स्टँडवरून काढल्या क्षणापासून निवू लागतात. रोज लावायची वस्तू ही नव्हेच, पण लग्नसराईत चार वेळा केस करायचे असतील तर माझं मत रोलरच्याच बाजूने आहे.

आता तुझे केस. उजेडात बस. फणीत आलेला एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून फिरव. बोटांना तो जेमतेम लागला तर तुझा केस बारीक. स्पष्ट लागला, खरखरला, तर राठ. मग सगळे केस मागे घेऊन बांध आणि मुठीत धरून त्यांचा घेर बघ. तो घेर दाटपणा सांगतो. जाडी आणि दाटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खरेदीतला सगळा घोळ इथेच होतो. आपल्याकडे कितीतरी मुलींचे केस दाट दिसतात, पण एकेक केस बारीक असतो. अशा मुलीने खोक्यावर ‘दाट केसांसाठी’ वाचून भरपूर तापणारा सेट घेतला की टोकं करपतात. एकेका केसाची जाडी किती ताप हवा ते ठरवते, दाटपणा किती रोलर हवेत ते ठरवतो, आणि रोलर केवढा हवा ते लांबी सांगते. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. जाडी दुप्पट झाली की छेदाचं क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणून राठ केसाला तापायला वेळ लागतो आणि निवायलाही लागतो.

मापाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पैसे इथेच वाया जातात. २० मिलिमीटरच्या आसपासच्या रोलरने घट्ट कुरळेपणा येतो, २५ ते ३२ च्या रोलरने मध्यम, मोकळ्या बटा. ३८ आणि त्यापुढचे मोठे रोलर फक्त मुळाशी फुगवटा आणि टोकाला वळण देतात. केसाचे रोलरभोवती निदान दोन वेढे बसले पाहिजेत. ३२ मिलिमीटरच्या रोलरचा घेर सुमारे १० सेंटिमीटर, म्हणजे तुझी सगळ्यात आखूड बट २० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर त्या रोलरवर ती वळणार नाही. आणि एक आपल्या गावासाठी म्हणून लक्षात ठेव: आरशात जेवढी बट हवी आहे, त्यापेक्षा एक माप लहान रोलर घे. पहिल्या तासात बट सैल होणारच. पावसाळ्यात तर दोन मापं लहान घेतलास तरी चालेल.

कमरेपर्यंत केस असतील तर मात्र माझं स्पष्ट ऐक. ७५ सेंटिमीटरचा केस ३२ च्या रोलरवर सात-साडेसात वेढे घेतो. आपण टोकापासून गुंडाळत वर येतो, म्हणून टोकं रोलरला थेट चिकटतात आणि मुळाकडचा केस सगळ्यात बाहेर राहतो. तिथपर्यंत ताप नीट पोचतच नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेवरची ती टोकं पाच वर्षांची जुनी, पाच वर्षांचं ऊन, फणी आणि खारा वारा सोसलेली. सगळ्यात थकलेल्या केसाला सगळ्यात जास्त ताप, असा तो उलटा प्रकार होतो. म्हणून लांबसडक केस असतील तर सगळ्या केसांना रोलर लावायचा हट्ट सोड. समोरच्या आणि टाळूवरच्या बटांना लाव, मागे सैल अंबाडा घाल, किंवा वरचा भाग बांधून खाली वेणी सोड. लावायचेच असतील तर बट पातळ घे आणि टोकांना पर्मिंगला वापरतात तो पातळ कागद गुंडाळून मग रोलर फिरव.

बारीक आणि सरळ, रेशमी केस असलेल्या मुलीची तक्रार एकच असते: बट बसते, पण लग्नाच्या हॉलपर्यंत टिकत नाही. तिने सिरॅमिकचा, वरून मखमली आवरण असलेला सेट बघावा. मखमल केस धरून ठेवते, घसरू देत नाही, आणि तापलेल्या पृष्ठभागाचा थेट चटका बसत नाही. माप २० ते २५. तापमान कमीजास्त करता येत असेल तर कमीवर ठेवावं. केस त्याच सकाळी धुऊ नयेत, आदल्या दिवशी धुवावेत. अगदी ताजे धुतलेले रेशमी केस काही धरत नाहीत. रोलर लावण्याआधी केसांच्या मुळाशी लिंबाएवढा मूस चोळला तर आधार मिळतो.

राठ आणि पिंजारणाऱ्या केसांना उलटं हवं. त्यांना जास्त वेळ उष्णता धरणारा रोलर लागतो, म्हणजे आत मेण असलेला. स्टँडवरच्या तापलेल्या दांड्यांमुळे आतलं मेण वितळतं, आणि गोठताना साठवलेली उष्णता हळूहळू सोडत राहतं. असे केस एका रोलरवर जास्त घ्यायचे नाहीत. दाट आहेत म्हणून मोठाल्या बटा घेतल्या की आतला केस तापतो आणि बाहेरचा तसाच राहतो. दहा नगांचा सेट अशा डोक्याला पुरत नाही, वीस नगांचाच घे.

जन्मतः कुरळे केस असलेल्या मुलींना मला एक मनापासून सांगायचंय. तुमच्या केसांना रत्नागिरीची हवा शत्रू नाही. कुरळा केस ओलाव्याने आणखी वळतो, एवढंच. मोठ्या, ३८ च्या वरच्या रोलरने तो सैल आणि गुळगुळीत करता येतो, पण ती मेहनत पावसाळ्यात तासाभरात जाते. त्यापेक्षा आपले कुरळे केस तसेच ठेवा, ओल्या केसांवर जेल लावून वाळवा, आणि रोलर हवाच असेल तर फक्त कपाळावरच्या दोन-तीन बटांना लावा. समारंभात तोच चेहरा सगळ्यात प्रसन्न दिसतो, असं माझं ठाम मत आहे.

रिबाँडिंग किंवा स्मूदनिंग झालेल्या केसांचे गंधकाचे बंध एकदा तोडून सरळ जोडलेले असतात. ते वळायला तयार नसतात, आणि वळावेत म्हणून ताप वाढवला तर तुटतात. सहा महिन्यांच्या आत झालं असेल तर रोलर नकोच. रंगवलेल्या केसांना कमी ताप आणि आधी उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस झडतात तेव्हाही थांब. रोलरचं वजन आणि ओढ त्या मुळांना नको. आईचे पांढरे केस मात्र अनेकदा राठ आणि हट्टी असतात, ते मेणाच्या रोलरवर फार छान बसतात. तिलाही एकदा लावून दे. ती स्वतःहून मागणार नाही.

वाफेवर चालणारे स्पंजचे रोलरही मिळतात. कोरड्या प्रदेशात ते चांगलेच, पण आपल्याकडे हवेतच इतकी वाफ आहे की केसांना आणखी ओल द्यायची गरज नाही. स्पंज तर इथे वाळता वाळत नाही. राम आळीतल्या दुकानात सहज मिळणारे वेल्क्रोचे रोलर तापत नाहीत, ड्रायर मारून झाल्यावर फुगवटा देण्यापुरते ते ठीक. लांब केसात ते गुंततात आणि सोडवताना डोळ्यांत पाणी येतं. टोकदार काट्यांच्या रोलरचंही तेच.

समुद्राकाठी राहतेस, म्हणून आणखी दोन गोष्टी बघ, ज्या कुठल्याही खोक्यावर लिहिलेल्या नसतात. खारी हवा धातूला खाते. तापणाऱ्या दांड्या, आकडे, चाप यांच्यावर वर्षभरात गंज येतो आणि मग केसांवर तांबडे डाग पडतात, केस अडकतात. म्हणून चाप प्लॅस्टिकचे किंवा स्टेनलेस स्टीलचे बघून घे. आणि मखमली रोलर पावसाळ्यात बंद डब्यात ठेवले तर त्यांना बुरशी लागते. वापरून झाले की पूर्ण निवू दे, पंख्याखाली तासभर ठेव, मग सुती पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेव. बाथरूममध्ये तर ठेवूच नकोस.

विजेचंही बघायला हवं. आपल्याकडे कितीतरी घरांत कुणी आखातात, कुणी अमेरिकेत. हौसेने तिकडून सेट येतो. दुबईचा असेल तर काळजी नाही, तिथला व्होल्टेज आपल्यासारखाच. फक्त पिन बदलायची. अमेरिकेतला १२० व्होल्टचा सेट आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात घातलास तर तो ठरलेल्यापेक्षा साडेतीनपटीहून जास्त वीज ओढतो आणि लावताच जळतो, कधी ठिणग्याही उडतात. अमेरिकेतल्या सेटच्या तळाशी १०० ते २४० व्होल्ट असं छापलं असेल तरच तो इथे चालेल. आणणाऱ्याला आधीच फोनवर तळाचा फोटो पाठवायला सांग, म्हणजे कुणाची बॅग आणि कुणाचे पैसे फुकट जाणार नाहीत. इथे घेणार असशील तर आयएसआयची खूण बघ. पावसाळ्यात वीज कधी जाईल नेम नसतो, आणि मेणाच्या रोलरचा एक मोठा फायदा तिथे कळतो: एकदा तापले की मग वीज गेली तरी तुझं काम पूर्ण होतं. छोट्या इन्व्हर्टरवर सेट तापवायचा असेल तर त्याची क्षमता आधी इलेक्ट्रिशियनला विचार.

हा विजेवर तापणाऱ्या रोलरचा डबा घरोघरी गेला तो १९६० च्या दशकात. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग गावातल्या कार्मेन कर्लर्सचा त्यात मोठा वाटा होता. त्याच काळात आपल्याकडे बायका गंगावन लावून अंबाडा मोठा करत होत्या.

तेलाचं विचारशील, म्हणून तेही सांगते. खोबरेल सोडू नकोस. २००३ साली मुंबईत आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसांतून होणारी प्रथिनांची गळती तिघांपैकी फक्त खोबरेलाने स्पष्टपणे कमी झाली. ते केसाच्या आत शिरतं, म्हणून. पण हे तेल धुण्याआधीचं. रोलर लावायच्या दिवशी केसांवर तेलाचा थेंब नको, नाहीतर केस जड होतात आणि रोलर घसरतो. आदल्या दिवशी तेल, मग शिकेकाई किंवा शांपू, आणि पूर्ण वाळवणं. पूर्ण म्हणजे मुळापर्यंत. ओल्या केसावर जोराचा ताप बसला तर आतल्या पाण्याची वाफ होते, केसात बुडबुडे पडतात आणि तो तिथेच तुटतो.

लावताना टाळूपासून सुरू कर, मग बाजू, मानेवरचे सगळ्यात शेवटी. रोलरच्या रुंदीएवढीच बट घे, टोकं सपाट धर, ओढून पण न ताणता गुंडाळ. समोरच्या बटांना घट्ट चाप लावलास तर आडवी खूण पडते, तिथे आकडाच लाव. मग घाई करू नकोस. हात लावून रोलर थंड लागेपर्यंत तसाच राहू दे, अर्धा तास धर. त्या वेळात साडी नेस, काजळ घाल. काढलास की लगेच फणी फिरवू नकोस, पाच मिनिटं थांब, मग बोटांनी मोकळे कर आणि स्प्रे मार.

लग्नाच्या मुख्य विधींना मात्र रोलर नकोत. मुंडावळ्यांचा दोरा कपाळावरच्या बटा दाबतो, होमाचा धूर आणि मे महिन्याचा घाम बाकीचं करतो. नऊवारीवर खोपा किंवा अंबाडाच शोभतो. मंगळागौरीला झिम्मा-फुगड्या खेळायच्या, तिथेही केस बांधलेलेच बरे. रोलर सीमांतपूजनाला, रिसेप्शनला. आणि गजऱ्याचं विसरू नकोस. मोगऱ्याचा गजरा ओल्या फडक्यात नाहीतर केळीच्या पानात ठेवलेला असतो. तो तसाच मोकळ्या बटांवर माळला की जिथे टेकतो तिथल्या बटा पहिल्यांदा जातात. कोरड्या रुमालात अलगद टिपून घे, आणि बांधलेल्या भागावर माळ. अबोलीची वेणी किंवा सुरंगीचा गजरा मिळाला तर सोनं, पण सुरंगी तिच्या हंगामातच मिळते. मानेवरचे केस घामाने सगळ्यात आधी उतरतात, ते वर घेऊन आकड्यांनी बसव आणि गजरा तिथेच लाव.

तू मला सांगितलंस त्यावरून तुझे केस बारीक, दाट आणि खांद्याखाली वीतभर आहेत. तुझ्यासाठी माझा निर्णय असा: सिरॅमिकचा मखमली सेट, वीस नग, निम्मे २५ मिलिमीटरचे आणि निम्मे ३२ चे, तापमान कमी करायची सोय असलेला. ३२ चे टाळूवर, बाकी २५ चे. सेट आला की रिसेप्शनच्या निदान पंधरा दिवस आधी एका संध्याकाळी लाव आणि तशीच भाट्याच्या किनाऱ्यावर फेरी मारून ये. तिथल्या वाऱ्यात तासभर टिकल्या तर हॉलमध्ये रात्रीपर्यंत टिकतील. नाही टिकल्या तर पुढच्या वेळी ३२ चे बाजूला ठेव, सगळे २५ चेच लाव. काय झालं ते मला फोनवर कळव.